गाळलेले ठिपके

सिझियम लेड ब्रोमाइडच्या एका मिश्रणाची स्फटिकरचना मी चुकीची सोडवली होती. यंत्र ठीक होतं, आकडेमोडही बरोबर होती. मला हव्या असलेल्या उत्तराच्या आड येणारी मोजमापं मी स्वतः बाजूला काढली होती.

गॅमा किरणांच्या डिटेक्टरसाठी हे संयुग मोलाचं आहे. शिसं आणि सिझियम दोन्ही जड, त्यामुळे किरण त्यात चांगले अडतात. शिवाय सोडियम आयोडाइडसारखं ते हवेतला ओलावा ओढून बिघडत नाही. अडचण येते ती स्फटिक वाढवताना. वितळलेलं द्रव्य सुमारे ५६७ अंश सेल्सिअसला गोठतं तेव्हा रचना घनाकृती असते. थंड होताना ती १३० अंशांजवळ बदलते, ८८ अंशांजवळ पुन्हा बदलते. शिशाभोवतीचे ब्रोमिनचे अष्टफलक किंचित कलतात आणि रचना ऑर्थोऱ्हॉम्बिक होते. १९७४ मध्ये जपानी संशोधकांनी हे दाखवून दिलं होतं, आणि मी ते वाचलेलं होतं.

आम्ही मात्र ब्रोमाइडमध्ये थोडं क्लोराइड मिसळलं होतं. शुद्ध क्लोराइडमध्ये घनाकृती रूप ४७ अंशांपर्यंत टिकतं. आमच्या मिश्रणात ते खोलीच्या तापमानालाही टिकावं, अशी माझी आशा होती. थोड्याशा क्लोराइडने एवढा फरक पडणं अवघड होतं. पण मला तो पडायला हवा होता.

क्ष-किरण डिफ्रॅक्टोमीटरच्या प्रणालीने सुमारे ५.८ अँगस्ट्रॉमचा घनाकृती कोष, म्हणजे स्फटिकात पुन्हा पुन्हा येणारा मूळ घटक, सुचवला आणि त्यात न बसणाऱ्या क्षीण ठिपक्यांची यादीही दिली. ते ठळक ठिपक्यांच्या मधोमध पडत होते. असा ठिपका दिसला की खरा कोष दुप्पट मोठा असण्याची शक्यता तपासायची, हे मी विद्यार्थ्यांना शिकवत आलो होतो. तरी मी ते गाळले. रचना आणि मोजमापं यांतली तफावत सांगणारा आर-फॅक्टर छान खाली आला. येणारच होता, कारण अष्टफलकांचा कल ज्यांनी सांगितला असता तीच परावर्तनं, म्हणजे ते क्षीण ठिपके, मी हिशेबात धरली नव्हती. उरलेल्या रचनेतही खूण होतीच. ब्रोमिनचे कंपनाचे आकार चकत्यांसारखे चपटे पसरले होते. शिसं क्ष-किरण फार शोषतं, त्याचा हा परिणाम, असं मी अहवालात लिहिलं.

स्फटिक वाढवणाऱ्या सहकारीने त्या अहवालावर विसंबून भट्टीचं वेळापत्रक बदललं. रूपांतर होणारच नसेल, तर शेवटच्या टप्प्यात सावकाश जाण्याचं कारण नव्हतं. बरेच स्फटिक तडकले. जे शाबूत राहिले, त्यांच्या डिटेक्टरांत सिझियम-१३७ चं ६६२ केईव्हीचं शिखर पसरट आलं. आम्ही कच्च्या मालाच्या शुद्धतेला दोष दिला आणि ती तेच द्रव्य पुन्हा पुन्हा शुद्ध करत राहिली.

शेवटी तिनेच एक पातळ काप ध्रुवीकरण सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि मला बोलावलं.

"सर, हा घनाकृती असेल, तर फिरवला तरी काळाच राहायला हवा ना?"

कापभर उजळ आणि काळे पट्टे एकमेकांना छेदत गेले होते. ते जुळ्या स्फटिकांचे होते. ऑर्थोऱ्हॉम्बिक कोषाच्या दोन बाजू जवळजवळ सारख्या, ८.२ अँगस्ट्रॉमच्या आसपास असतात, त्यामुळे एकाच तुकड्यात तो वेगवेगळ्या दिशांनी मांडला जातो. सगळ्या मांडण्यांचे ठिपके एकमेकांवर पडले, की बेरीज घनाकृतीसारखी दिसते. पहिल्याच दिवशी काही मिनिटांत करता आली असती अशी ही तपासणी होती.

गाळलेली परावर्तनं धरून, जुळेपणाचा हिशेब घेऊन मी रचना नव्याने सोडवली. ब्रोमिनचे पसरट आकार आटोपशीर झाले. सुधारित अहवालात चूक माझी असल्याचं लिहिलं. भट्टी पुन्हा सावकाश उतरू लागली. वाया गेलेल्या मालाची किंमत मांडता आली. तिने इतके दिवस स्वतःच्या कामावर घेतलेल्या संशयाची मांडता आली नाही. आता माझ्या प्रत्येक अहवालात गाळलेल्या परावर्तनांचा तक्ता असतो, आणि भट्टी लावण्याआधी ती तोच पहिल्यांदा मागते.