दंडाचा घेर आणि मुठीतला खुळखुळा

जव्हार-मोखाड्याकडच्या लहान मुलाची सरकारदरबारी ओळख तीन आकड्यांत मावते: वजन, उंची आणि दंडाचा घेर. दंडाला गुंडाळायची पट्टी तीन रंगांची असते. घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आला तर लाल, साडेबाराच्या आत असला तर पिवळा, त्यापुढे हिरवा. या मोजदादीला नावं ठेवण्याचं कारण नाही. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत मुलं कुपोषणाने दगावली आणि हा मुलूख राज्यभर ओळखला जाऊ लागला तो त्या दुःखामुळे. तेव्हापासून इथल्या मुलाविषयी बोलायचं म्हणजे त्याच्या पोटाविषयी बोलायचं, असा रिवाजच पडला. घरपोच आहार, अमृत आहार योजनेतली अंडी आणि केळी, ग्राम बालविकास केंद्र, सगळा कारभार पोटाभोवती फिरतो. पण ज्या दंडाला पट्टी लावतात त्याच्याच टोकाला एक मूठ असते आणि त्या मुठीत काय आहे, हा रकाना कुठल्याच तक्त्यात नाही. तो असायला हवा, असं माझं म्हणणं आहे. घरातल्या टाकाऊ वस्तूंचं, मोठ्या माणसाने मुलाला शेजारी घेऊन केलेलं खेळणं पोषणाच्या खात्यातच मांडलं पाहिजे. मुलाचं पोट भरल्यावर, वेळ उरला तर, हौस म्हणून करायचं ते काम नाही.

याचा सर्वांत भक्कम पुरावा जमैकातून येतो. १९८६-८७ मध्ये किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांतली, वयाच्या मानाने उंची खुंटलेली १२९ मुलं सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निवडली. मुलांचं वय होतं ९ ते २४ महिने. त्यांचे चार गट केले. एका गटाला दर आठवड्याला किलोभर दुधाची पावडर दिली. दुसऱ्या गटातल्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा, तासभर जायची. आईला आणि मुलाला घेऊन बसायची, खेळायची, खेळता खेळता बोलायची, आणि खेळणी मागे ठेवून यायची. ही खेळणी दुकानातली नव्हती, घरगुती टाकाऊ सामानातून हाताने केलेली होती. तिसऱ्या गटाला दूध आणि खेळ दोन्ही मिळालं, चौथ्याला यातलं काहीच नाही. दोन वर्षांनी दुधाचाही उपयोग दिसला आणि खेळाचाही. दोन्ही मिळालेली मुलं सर्वांत पुढे होती. १९९१ मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले. खरी गंमत पुढे आहे. ही मुलं बाविशीला आली तेव्हा त्यांना पुन्हा शोधून काढलं, तर ज्यांच्या घरी खेळ गेला होता त्यांची कमाई खेळ न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी जास्त भरली. नुसत्या दुधाचा असा दूरवरचा परिणाम आढळला नाही. यावरून दूध बंद करा असा अर्थ कोणी काढील तर त्याने आधी मोखाड्याच्या एखाद्या पाड्यावर श्रावणात जाऊन घरातली नागली किती उरली आहे ते बघावं. अर्थ एवढाच की खुंटलेल्या वाढीला दोन भुका असतात आणि आपण एकीचीच नोंद ठेवतो.

चाणाक्ष वाचक इथे हटकेल. जमैकात काम केलं ते त्या बाईच्या बोलण्याने, आईच्या लक्ष देण्याने. खेळणं काय, निमित्त. हरकत खरी आहे आणि माझ्या म्हणण्याला ती सोयीचीच आहे. विकतच्या खेळण्याचा मोठा गुण, निदान आईबापांच्या लेखी, हा की ते मुलापुढे ठेवून मोठ्यांना उठून जाता येतं. घरी करायच्या खेळण्याला ही सोय नाही. साधा खुळखुळा घ्या. पाण्याची छोटी बाटली रिकामी झालेली आहे, मूठभर चिंचोके आहेत. आई एकेक चिंचोका आत टाकते, तो तळाशी टक् करून आपटतो, आणि मांडीवरच्या दहा महिन्यांच्या पोराचे डोळे तिच्या बोटांवरून बाटलीच्या तळाकडे आणि पुन्हा बोटांकडे जातात. आत गेलेली वस्तू गेली नाही, ती तिथेच आहे, दिसतेही आहे, हे त्याला प्रथमच कळत असतं. टोपण घट्ट बसवून बाटली हलवली की खडखड. त्याच मापाच्या दुसऱ्या बाटलीत नागलीचे दाणे घातले तर सरसर. एक जड, एक हलकी. आता दोन्ही पाठीमागे लपवून एक वाजवली की मूल नेमक्या बाजूला वळतं. एवढ्यात पाच-सात मिनिटं गेली आणि या मिनिटांत आई बोलल्याशिवाय राहिलीच नाही, कारण हे काम मुक्याने होत नाही. ‘आता मुलाशी बोला’ असं आईला सांगणं अवघड असतं; ती काय बोलेल, आणि का? दोघांच्या मध्ये करण्यासारखं काही असलं की बोलणं आपसूक येतं. खेळणं निमित्त असेल, पण असं निमित्त दुकानात मिळत नाही.

हे शिकवायला बाहेरून तज्ज्ञ आणावे लागतील, या समजुतीला तर या भागात काही आधारच नाही. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी यांच्या घरांत आजही कितीतरी वस्तू हाताच्या असतात. बांबूच्या कामट्यांची टोपली आणि कणगी, पावसाळ्यातलं पानांचं इरलं. सुका दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाचं पान आणि मेण यांतून तारपा होतो आणि त्याच्या सुरावर अख्खा पाडा नाचतो. बोहाड्यात देवदानवांची सोंगं नाचतात ते मुखवटे रद्दी कागदाच्या लगद्यातून घडवलेले असतात. जिथे रद्दीचा नरसिंह होऊ शकतो तिथे चिंधीची बाहुली करायला कोणाच्या परवानगीची गरज नाही. आणि थोडी मोठी मुलं तर वाट पाहतच नाहीत. सागाचं कोवळं पान चोळून ती तळहात लाल करतात. पावसाच्या तोंडी उगवलेली आंब्याची कोय दगडावर घासून तिची पिपाणी करतात. झिजलेल्या सपातेची चाकं कापून काठीला गाडी जोडतात. सोडावॉटरच्या बाटलीचा बिल्ला ठोकून सपाट करतात, मधोमध दोन भोकं पाडून दोरा ओवतात, पीळ देतात आणि ताणून सैल, ताणून सैल करत भिंगरी गरगर फिरवतात. याच भिंगरीवरून मनू प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात कागदाच्या चकतीचं एक उपकरण केलं, २०१७ मध्ये ते प्रसिद्ध झालं. वजन दोन ग्रॅम, वीज नको, मिनिटाला सव्वा लाखापर्यंत फेरे. रक्तातला द्रव दीड मिनिटात वेगळा होतो. भिंगरी फिरवणारं प्रत्येक पोर शास्त्रज्ञ होईल असं म्हणण्याइतका मी भाबडा नाही. पण पीळ किती दिला म्हणजे दोरा तुटत नाही आणि चकती थांबत नाही, हे त्याच्या बोटांना कळलेलं असतं, आणि ते ज्ञान उसनं नाही.

यापेक्षा टोचणारी हरकत वेगळी आहे. शहरातल्या मुलाला रंगीत ठोकळ्यांचे डबे आणि आदिवासी मुलाला चिंचोके, वर त्याचं कौतुक: ही गरिबीची आरती नव्हे काय? स्वतःच्या मुलासाठी ऑनलाइन खेळणी मागवणाऱ्यांनी मोखाड्याला टाकाऊतून टिकाऊचे धडे द्यावेत, यात खोट आहेच. चांगला चेंडू आणि चित्रांची पुस्तकं चिंचोक्यांतून होत नाहीत. ती मागितली पाहिजेत, आणि सरकारने दिली पाहिजेत. पण हाताने केलेलं म्हणजे हलकं, हा समज मात्र उलट्या बाजूने तपासावा. १९७१ मध्ये सायमन निकल्सन यांनी मांडलं की मुलाची कल्पकता त्याच्या भोवती सुट्या, हलवता-जोडता येणाऱ्या वस्तू किती आहेत यावर अवलंबून असते. इतक्या लांब जायलाही नको. ताराबाई मोडक माँटेसरी पद्धतीच्या चांगल्या जाणकार होत्या. त्या पद्धतीची घोटीव, महागडी साधनं त्यांना ठाऊक होती. १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर काम करताना त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी त्या साधनांच्या जागी बिया, शिंपले, दगड, पानं आणली. पैसा नव्हता हे खरंच. पण या वस्तू मुलाच्या ओळखीच्या होत्या, त्यांची नावं त्याला येत होती, हेही खरं. मुलं येत नाहीत तर आपणच त्यांच्या अंगणात जावं, ही रीत त्यांचीच. डहाणूतलं ते कोसबाड जव्हार-मोखाड्याच्याच जिल्ह्यात आहे. १९७५ मध्ये देशाने अंगणवाडी हे नाव उचललं, पुढे खोल्याही बांधल्या. अंगण मात्र बहुतेक ठिकाणी बाहेरच राहिलं.

वेळेचं काय? आवणीच्या दिवसांत आई पहाटेपासून गुडघाभर चिखलात असते. दिवाळी झाली की कितीतरी कुटुंबं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात ती होळीपर्यंत, काही त्याही पुढे. या बाईला ‘मुलाबरोबर खेळणी करा’ असं सांगणं म्हणजे तिच्या डोक्यावर आणखी एक हंडा ठेवणं. म्हणून हे काम आईच्या एकटीच्या गळ्यात घालू नये. घरात आजी असते, संध्याकाळी बाप असतो, आणि बापाचे हात कामट्या सोलायला सरावलेलेच असतात. मुख्य म्हणजे अंगणवाडी सेविकेच्या कामात गृहभेट आधीपासून आहे. जमैकातल्या सेविकेने जो तास घालवला तोच तास इथेही सापडू शकतो, मात्र पोषण ट्रॅकरमध्ये माहिती भरण्यातून तिची थोडी सुटका केली आणि या तासाचा मोबदला दिला तर. फुकटात आणखी एक ओझं तिच्यावर टाकणार असाल तर हा निबंध वाचला नाही असं समजा. भट्टीवर तर मातीला तोटा नाही. ओल्या गोळ्याचा बैल आणि चुलीवरची इवलीशी भांडी करायला विटांच्या हिशेबात कसूर होत नाही.

सांभाळायचं ते सांभाळावंच. तीन वर्षांच्या आतलं मूल हाती येईल ते तोंडात घालतं. सुटे चिंचोके, मणी, बाटलीची झाकणं त्याच्या हातात देऊ नयेत, बंद बाटलीतच ठेवावीत आणि टोपण मोठ्या माणसाने रोज पिळून पाहावं. गुंजेची लाल-काळी बी आणि मोगली एरंडाच्या बिया कितीही देखण्या दिसल्या तरी विषारी आहेत. ठोकलेल्या बिल्ल्याची कड धारदार असते, तेव्हा लहानग्यासाठी भिंगरी शर्टाच्या मोठ्या बटणाचीच करावी, आणि तीही मोठ्या मुलाने फिरवावी. विकतच्या खेळण्यांवर २०२१ पासून गुणवत्तेचं मानक सक्तीचं आहे. घरच्या खेळण्याला मानक एकच, जवळ बसलेलं माणूस.

मला खरी भीती याची वाटते की हे म्हणणं कोणाला पटेल आणि त्याची योजना होईल. मग निविदा निघेल, घरगुती खेळण्यांचे एकसारखे संच छापील खोक्यांतून जव्हारच्या गोदामात उतरतील, प्रत्येक अंगणवाडीला एक. सेविका सही करून ताब्यात घेईल, वस्तू डेडस्टॉक रजिस्टरात चढतील, आणि मोडलं तर भरून कोण देणार या धास्तीने खोकं कपाटात जाईल; किल्ली तिच्या पदराला. चिंचोक्यांच्या बाटलीची कुठल्याच रजिस्टरात नोंद होत नाही. ती चेपली, हरवली, शेजारच्या पोराने नेली तरी कोणाचा पगार कापला जात नाही. चिंचेखाली बसून दुसरी करायची, एवढंच.