मुहर्रमच्या चांदरातीला खुलताबाद

जिल्हजची २९ तारीख होती. रविवार होता, मुलांना सुट्टी होती आणि पहिला पाऊस पडून गेल्याने रस्ता धुतल्यासारखा स्वच्छ होता. आम्ही दोघे भाऊ, आमच्या घरातल्या दोघी, चार मुलं आणि अम्मी असे नऊ जण भाड्याच्या क्रुझरने जालन्याहून निघालो. खुलताबादला आमची आपा राहते. मुलांना आम्ही सांगितलं होतं, पाणचक्की बघू, दौलताबादचा किल्ला बघू, खुलताबादच्या मजारी बघू आणि रात्री फुफीकडे मुक्काम करू.

मुलांना सांगितलेलं खोटं नव्हतं, पण पूर्णही नव्हतं. आमच्या बॅगेत एक कागद होता. त्यावर आपाची सही घ्यायची होती.

हिजरी साल संपत आलं की हल्ली मोबाईलवर शुभेच्छा येऊ लागतात. चंद्रकोर, मशिदीचा मिनार आणि खाली दोन ओळी. आपणही त्या पुढे पाठवतो. पण साल संपताना बसून हिशेब करायचा असतो, आपण पुढे काय पाठवलं ते बघायचं असतो, हे फार थोड्या घरांत घडतं. आमच्या घरी अब्बा ते करायचे. जिल्हजच्या शेवटच्या आठवड्यात वही काढायचे. कुणाचं देणं राहिलं, कुणाशी बोलणं बंद झालं, कोणत्या रोज्यांची कजा बाकी आहे, सगळं लिहायचे. मागच्या सफर महिन्यात अब्बा अल्लाहला प्यारे झाले. यंदाची वही आमच्या हातात होती.

छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे अम्मीच्या तोंडचं अजूनही औरंगाबाद, पोचायला साडेनऊ वाजले. पाणचक्कीच्या हौदापाशी मुलांनी धाव घेतली. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातली ही चक्की. काही मैलांवरच्या डोंगरातलं पाणी मातीच्या नळांतून जमिनीखालून इथपर्यंत आणलं, उंचीवरून खाली सोडलं आणि त्या पडत्या पाण्याच्या जोरावर जातं फिरवलं. त्या जात्यावर दळलेलं पीठ इथे येणाऱ्या मुसाफिरांच्या, फकिरांच्या पोटात जायचं. धाकट्याने विचारलं, "पाणी वर कसं चढलं?" आम्ही त्याला सांगितलं की जिथून पाणी निघालं ती जागा याहूनही उंच आहे. बंद नळातलं पाणी आपल्या उगमाची उंची विसरत नाही, वाट दिली की जवळपास तेवढं वर येतं. त्याला पटलं की नाही कोण जाणे, पण तो बराच वेळ पडणाऱ्या पाण्याकडे बघत राहिला.

या शहराला पाण्याची सवय लावली ती मलिक अंबरने. १६१० मध्ये त्याने खडकी हे गाव राजधानी म्हणून वसवलं, तेच पुढे औरंगाबाद झालं. त्याने डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या कालव्याने गावात आणलं. तिला नहर-ए-अंबरी म्हणतात. शतकानुशतकं लोक ते पाणी प्यायले. हा मलिक अंबर जन्माने हबशी. १५४८ च्या सुमाराला इथिओपियात जन्मला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, हातोहात विकला जात दख्खनला पोचला आणि निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. जहांगीर बादशहाच्या फौजांना त्याने अखेरपर्यंत दाद दिली नाही. ज्याच्या मालकीचं स्वतःचं शरीरही नव्हतं, त्याने मागे ठेवलं काय, तर सगळ्यांसाठी पाणी. आमच्या थोरल्या मुलीने हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे सदका-ए-जारिया." माणूस गेल्यावरही ज्याचं पुण्य पोचत राहतं ते काम. मदरशात शिकलेला शब्द तिने बरोबर जागी वापरला, याचं आम्हाला कौतुक वाटलं.

दुपारी दौलताबाद मुलांनी खालूनच बघितलं, कारण अम्मीचे गुडघे चढणीला तयार नव्हते आणि तिला एकटं सोडायला आम्ही तयार नव्हतो. किल्ल्याच्या बाहेरच्या तटातून जाणारा रस्ता पुढे घाट चढून खुलताबादला जातो. घाटात धुकं उतरलं होतं.

खुलताबादला जुनी माणसं रोजा म्हणतात. सुफी संतांच्या मजारींचं हे गाव. शेख जैनुद्दीन यांच्या दर्ग्याच्या अंगणात औरंगजेब बादशहाची कबर आहे. १७०७ मध्ये तो अहमदनगरला वारला आणि त्याला इथे आणलं गेलं. त्याच्या नावाने वर्तमानपत्रांत काय काय चालतं ते सगळ्यांना माहीत आहे, ते आम्ही वर्तमानपत्रांवरच सोडलं. आमच्या डोळ्यांसमोर होती ती मातीची, उघड्या आकाशाखालची कबर. एवढ्या मोठ्या सल्तनतीचा धनी, आणि डोक्यावर घुमट नाही. टोप्या शिवून मिळवलेल्या पैशांतूनच आपल्या कफनाचा खर्च व्हावा, अशी त्याची इच्छा होती असं सांगतात. अम्मीने कबरस्तानात म्हणायची दुआ म्हटली आणि हळूच म्हणाली, "तुमच्या अब्बांची कबरही कच्चीच आहे."

तिथून मलिक अंबरच्या मकबऱ्याकडे गेलो. दगडी इमारत, वर घुमट. १६२६ मध्ये तो वारला. शेजारी त्याच्या बेगमचा, बीबी करीमाचा मकबरा आहे. तिथे आमच्याशिवाय कुणीच नव्हतं. मुलं ओट्यावर बसून भेळ खात होती. आम्ही दोघे भाऊ जरा बाजूला उभे राहिलो आणि आदल्या रात्रीपासून टाळलेला विषय निघाला. सही कधी घ्यायची? जेवणाआधी की जेवणानंतर?

तो कागद हक्कसोडपत्राचा होता. अब्बांची पाच एकर जमीन, म्हणजे दोनशे गुंठे. वारस चार: अम्मी, आम्ही दोघे भाऊ आणि आपा. शरिअतचा हिशेब अवघड नाही. अम्मीचा आठवा हिस्सा, पंचवीस गुंठे. उरलेल्या एकशे पंचाहत्तरचे पाच भाग. मुलाला दोन, मुलीला एक. म्हणजे आम्हाला सत्तर-सत्तर आणि आपाला पस्तीस. हे आम्हाला माहीत होतं. तरीही आमच्याकडे, आणि आमच्याकडेच कशाला, आसपासच्या बहुतेक घरांत, बहीण सही करून देते आणि भाऊ तिला साडी-चोळी करतात. कारणंही पाठ असतात. तिच्या लग्नात अब्बांनी किती खर्च केला. तिच्या बाळंतपणं कुणी केली. तिला सासरी काय कमी आहे. एवढ्याशा जमिनीचे तुकडे करून कुणाचं भलं होणार.

अब्बा गेल्यावर आठवड्याच्या आत आम्ही त्यांची वही घेऊन गावभर फिरलो होतो. किराण्याचे अठराशे पन्नास, खताच्या दुकानाचे सहा हजार, शेजारच्या शेतकऱ्याचे उसने चार हजार, सगळं फेडलं. वाटणीच्या आधी कर्ज फेडायचं हा अल्लाहचा हुकूम आहे, त्यात आम्ही कसूर केली नाही. लोकांनी नाव घेतलं, पोरं दीनदार निघाली म्हणाले. त्याच हुकमाची सुरुवातच मुलामुलींच्या हिश्शाने होते, ती ओळ मात्र आम्ही वाचायची टाळली होती.

आपाकडे पोचलो तेव्हा असर झाली होती. तिने खिचडा केला होता, अब्बांना आवडायचा म्हणून. मगरिबच्या आधी सगळे चांद बघायला गच्चीवर गेलो. पश्चिमेला ढगांची भिंत होती. मुलं बोटं दाखवत होती, दिसत काहीच नव्हतं.

तिथेच आपाने स्वतःहून विषय काढला. दुल्हेभाईंकडून तिला कळलं होतं. "कागद आणलाय ना? द्या, सही करते." आणि मग, आवाज न बदलता, "पण माझं येणंजाणं बंद करू नका. अब्बा नाहीत आता."

आम्ही दोघेही काही बोललो नाही. बोलली अम्मी. तिने तिची गोष्ट सांगितली, जी आम्ही चाळीस वर्षांत कधी ऐकली नव्हती. तिनेही अशीच सही केली होती, तिच्या भावांसाठी. माहेरचं दार उघडं राहावं म्हणून. "दार उघडंच राहिलं," अम्मी म्हणाली, "पण मी त्या दारातून मागणारीसारखीच जात राहिले. माझी जमीन होती ती, पण पोतंभर ज्वारी मिळाली की मी त्यांचे उपकार मानायची."

एवढ्यात मशिदीच्या भोंग्यावरून चांद झाल्याचा ऐलान आला. आमच्या गच्चीवरून दिसला नाही, पण कुठेतरी दिसला होता. साल बदललं. कागद बॅगेतच होता.

रात्री जेवणं झाल्यावर थोरल्या मुलीने विचारलं, हिजरी साल हिजरतीपासून मोजतात, तर ती हिजरत मुहर्रममध्ये झाली का? नाही, प्रेषित मुहम्मद (स.) मदिनेला पोचले ते रबीउल अव्वलमध्ये. हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीत सालाची गणना ठरली तेव्हा पहिला महिना मुहर्रम धरला गेला. विद्वानांनी त्याचं एक कारण असं दिलं आहे की जिल्हजमध्ये अकबाची बैअत झाली आणि त्यानंतरचा पहिला चांद मुहर्रमचा, म्हणजे हिजरतीचा इरादा झाला तो या महिन्यात. पाऊल नंतर पडलं, साल मोजलं गेलं नियतीपासून. हे तिला सांगता सांगता आम्हाला हिजरतीच्या रात्रीची दुसरी गोष्ट आठवली. मक्केचे लोक जिवावर उठले होते, तरी त्यांच्याच ठेवी प्रेषितांजवळ होत्या, आणि त्या ज्याच्या त्याला परत करण्यासाठी हजरत अली (रजि.) यांना मागे ठेवलं गेलं. शत्रूंची अमानतही ठेवून घेऊन पुढे जायचं नव्हतं. आम्ही मात्र सख्ख्या बहिणीची अमानत बॅगेत घालून नव्या सालात निघालो होतो.

सकाळी फजरनंतर आम्ही अब्बांची वही काढली आणि आपासमोर बसून नव्या सालाच्या पानावर लिहिलं. एक, सातबाऱ्यावर वारस म्हणून चारही नावं लागतील, अर्ज आशुऱ्याच्या आत. दोन, गेल्या खरिपाचं सोयाबीन आणि रब्बीचा हरभरा यातून खर्च वजा करून आपाचा आणि अम्मीचा हिस्सा काढायचा, तो ज्याचा त्याला द्यायचा. तीन, यापुढे जमीन आम्ही कसू, पण आपाच्या पस्तीस गुंठ्यांची बटई ठरवून, तिला विचारून. चार, आमच्या मुलींना त्यांचा हिस्सा किती ते आत्ताच सांगून ठेवायचं, म्हणजे उद्या त्यांच्या भावांना सोयीचा विसर पडायला नको. हक्कसोडपत्राचा कागद दुल्हेभाईंच्या चुलीत गेला. त्यावर अंड्याचं आमलेट झालं, असं मुलं आता सगळ्यांना सांगतात.

चार मुहर्रमला आम्ही तलाठ्याकडे अर्ज दिला. तिथे एकाने बहिणीचं नाव बघून विचारलं, "हक्कसोड नाही का करणार?" आम्ही नाही म्हणालो. फेरफार अजून व्हायचा आहे, वेळ लागतो. शिवाय खरं सांगायला हवं की हिस्सा वेगळा काढल्यावर यंदा आमच्या दोघांच्याही घरचा हात जरा आखडलेला आहे. धाकट्याच्या सायकलीचं पुढे ढकललं. मन कधी कधी कुरकुरतं. म्हणूनच ते वहीत लिहून ठेवलं आहे.

आशुऱ्याच्या रोज्याच्या दिवशी आपाचा फोन आला. सोयाबीन-हरभऱ्याचे पैसे पोचले होते. ती खूप वेळ इकडचं तिकडचं बोलली, अम्मीच्या गुडघ्यांचं, पावसाचं. फोन ठेवता ठेवता म्हणाली, "भाई, तुम्ही नाराज तर नाही ना?"

आपला हक्क मिळाल्यावरही बहिणीला हे विचारावं लागतं. या सालात तिची ही भीती गेली पाहिजे. वहीत पाचवं कलम तेच लिहिलं आहे.