दृढीकरणाआधी

चि. छकुली,


नाताळात चुलतभावंडांबरोबर तुझंही दृढीकरण, म्हणजे लहानपणीच्या बाप्तिस्म्याला स्वतः ‘हो’ म्हणणं, उरकायचं हिंगोलीत ठरलंय, आणि तू विचारतेस, देवाला सगळं आधीच ठाऊक असेल तर माझ्या ‘हो’ला काय अर्थ? यावर इरॅस्मसने 1524 मध्ये पुस्तक लिहिलं, ल्यूथरने 1525 मध्ये उलट पुस्तक लिहिलं, तरी वाद मिटला नाही. तुझ्या मामाकडून तो काय मिटणार! या प्रश्नात मला लक्ष्मीबाई टिळक जवळच्या वाटतात.

लक्ष्मीबाईंचे पती टिळक यांनी 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या धैर्याचं कौतुक आपण करतो, रास्तच आहे. पण त्या दिवशी लक्ष्मीबाईंना कोणी काही विचारलं नाही. त्यांच्या वाट्याला फक्त ताटातूट भोगणं आलं. पुढे त्या टिळकांकडे परतल्या, तरी सोवळं सोडलं नाही, आणि टिळकांनी सक्ती केली नाही. जात देवाने केली की माणसांनी, याचा छडा बाईंनी स्वतःच लावला आणि कोणाच्याही हातचं खायचं ठरवलं. तरीही लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत हं! बाप्तिस्मा 1900 साली. दोघांत जास्त मोकळा निर्णय मी बाईंचा मानतो.

ताई म्हणते, उपासनेला नेमाने येऊनही काही जण बाप्तिस्मा घेत नाहीत, म्हणजे विश्वास कच्चा. तिला बोलायला काय जातं? अनुसूचित जातींच्या 1950 च्या आदेशात शिखांना 1956 मध्ये आणि बौद्धांना 1990 मध्ये जागा मिळाली, ख्रिस्त्यांना नाही. मातंगाच्या पोराने बाप्तिस्मा घेतला की राखीव जागेवरचा हक्क जातो. घटनेचं 25 वं कलम सर्वांना सारखं, पण ते वापरण्याची किंमत प्रत्येकाला वेगळी. टिळकांनाही असा विश्वास कच्चा वाटला नाही: त्यांनी 1917 मध्ये मिशन सोडून ‘देवाचा दरबार’ काढला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही घेतलं. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं सांगणारा माणूस तो. तुकारामांच्याच परंपरेतल्या नामदेवांची नर्सी तुमच्या शेजारीच, तेव्हा तुला याचं नवल वाटू नये.

तुझा बाप्तिस्मा झाला तेव्हा तू कडेवर होतीस. ‘हो’ आम्ही म्हणालो. आता पाळक तुला विचारणार. मन होत नसेल तर त्यांना आधीच जाऊन सांग, पुढच्या वर्षी बघू म्हणून. कपडे शिवून झालेत, पाहुण्यांना कळवलंय, ही काही कारणं नव्हेत. ताईशी मी बोलतो. रागावली तर माझ्यावर रागावेल.

तुझा,
मामा