परकोटाच्या आतली वाट

गेल्या वर्षी मे महिन्यात अमरावती आणि अकोला या दोन शहरांत तीन दिवस हिंडून मी 140 छायाचित्रे काढली. नाशिकला परतल्यावर त्यांतली चांगली 20 निवडली आणि आईसमोर ठेवली. आई 82 वर्षांची. तिचे माहेर अमरावतीचे, अंबागेटच्या आतले. सासर अकोल्याचे, जुन्या शहरातले. तिने एकेक चित्र उचलून पाहिले, नीट खाली ठेवले आणि म्हणाली, “छान आहेत. कोठची होत ही?”

“अमरावतीची, आई.”

“नाही बापा. आपली अमरावती अशी नाही.”

दोन वर्षांपासून तिची स्मृती उतरणीला लागली आहे. सकाळी काय जेवली हे संध्याकाळी आठवत नाही. मात्र 70 वर्षांपूर्वी अंबादेवीच्या वाटेवर कोणत्या ओट्यावर कोण बसत असे, हे ती बोटावर मोजून सांगते. ‘गावाला जाऊन येऊ’ हा तिचा धोशा. गुडघ्यांमुळे रात्रभराचा रेल्वेप्रवास तिला झेपणारा नव्हता, म्हणून तिच्याऐवजी मी गेले होते. आणि मी आणलेले गाव तिला ओळखता आले नाही. प्रथम मी ते तिच्या आजाराच्या खाती मांडून मोकळी झाले. पुढे ती चित्रे स्वतः पुन्हा पाहिली तेव्हा लक्षात आले, की दोष बहुतांशी माझाच होता.

पहिला दोष वेळेचा. मे महिन्यात वऱ्हाडात पारा 45 अंशांच्या पुढे जातो. मी न्याहारी उरकून दहाच्या सुमारास बाहेर पडत असे. त्या उन्हात आकाश पांढरेफटक होते, दगडी भिंतीचा पोत पुसला जातो आणि दरवाज्याच्या कमानीखाली नुसती काळी पोकळी उरते. माझ्या चित्रांत तेच उतरले होते. दुसऱ्या दिवशी तर दुपारी एकच्या सुमारास मला मळमळू लागले, डोके ठणकू लागले, आणि एका कापडदुकानदाराने खुर्ची व पाणी दिले म्हणून निभावले. कॅमेरा हाती असला की माणूस तहान विसरतो, हा अनुभव अनेकांचा असेल. ‘आणखी एक चित्र’ म्हणता म्हणता तास निघून जातो. उन्हाळ्यात पाणी तहानेची वाट न पाहता प्यावे, सोबत मीठ-साखरेचे पाणी किंवा मठ्ठा असावा. एवढे करूनही एखाद्याचे अंग तापले, बोलणे असंबद्ध झाले किंवा शुद्ध हरपू लागली, तर त्याला सावलीत नेऊन अंगावर गार पाणी घालावे, वारा घालावा आणि लगेच 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. अशा वेळी तोंडात पाणी ओतू नये.

दुसरा दोष अधिक खोल होता. मी प्रवाशासारखी चित्रे काढली होती: दरवाजा समोरून, पुरा, मध्यभागी, शक्यतो माणसे वगळून. अमरावतीचा परकोट हे तसे पाहण्याजोगेच काम. पेंढाऱ्यांपासून धनिक व्यापाऱ्यांचे रक्षण व्हावे म्हणून निजामाच्या राजवटीत 1807 मध्ये त्याची उभारणी सुरू झाली. 20 ते 26 फूट उंचीची दगडी भिंत, सव्वादोन मैलांचा घेर, पाच दरवाजे आणि चार खिडक्या, असे त्याचे वर्णन इंग्रजी अमदानीतील गॅझेटिअरमध्ये आहे. खिडकी म्हणजे भिंतीतला लहान दरवाजा. त्यांतल्या एकीचे नाव खूनारी. 1818 च्या मोहरमात तिथे झालेल्या झटापटीत 700 माणसे मारली गेली, म्हणून हे नाव पडल्याचे तीच नोंद सांगते. हे सारे वाचून मी गेले होते आणि वाचलेल्याचीच चित्रे काढून आले होते.

परंतु परकोटाच्या आत वाढलेल्या मुलीने दरवाजा असा कधी पाहिलेलाच नसतो. ती त्याच्याखालून जाते. तिला दिसते ती एका बाजूची भिंत, खालचा झिजलेला दगड, वळणावरचे दुकान आणि पुढे चालणाऱ्या आजीची पाठ. समोरून, दूर उभे राहून, मान वर करून दरवाजा पाहणे हे परक्याचे काम. मी आईला परक्याचे गाव आणून दिले होते.

छायाचित्र आणि स्मरण यांच्या नात्यावर अलीकडे बरेच प्रयोग झाले आहेत. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लिंडा हेन्केल यांनी काही जणांना संग्रहालयात फिरवले. काही वस्तूंची चित्रे काढायला सांगितली, काही नुसत्या पाहायला. ज्या वस्तूंची चित्रे काढली त्या लोकांना कमी आठवल्या. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातला पुढचा भाग मात्र क्वचितच सांगितला जातो: ज्यांना वस्तूचा एखादाच भाग जवळून टिपायला सांगितला होता, त्यांच्या स्मरणाला तशी तूट आली नाही. 2017 मध्ये आलेल्या दुसऱ्या एका अभ्यासात असे दिसले, की आपल्या मर्जीने चित्रे काढत हिंडणाऱ्यांना पाहिलेले अधिक आठवते. ऐकलेले मात्र कमी. म्हणजे प्रश्न कॅमेरा न्यावा की नेऊ नये हा नाहीच. काय टिपायचे हे ठरवण्यासाठी आपण थांबतो का, आणि त्या वेळी कान उघडे असतात का, एवढाच आहे.

श्रावणात पुन्हा गेले. या वेळी निघण्यापूर्वी चार संध्याकाळी आईजवळ बसून तिच्या वाटा लिहून घेतल्या. ‘घरून निघालं की आधी काय लागे?’ असे विचारले की ती अडखळत नसे. चक्की, मग लिंबाचे झाड, मग एका सोनाराची पेढी, मग अंबागेट, आणि पुढे गांधी चौकाच्या अंगाने अंबादेवी व एकवीरा. पहिल्या खेपेस मी स्टेशनवरून गावात शिरले होते आणि त्याच क्रमाने चित्रे मांडली होती. आई त्या दिशेने कधी चाललीच नव्हती. तिचे गाव घरापासून सुरू होत असे.

म्हणून मीही तिथूनच सुरुवात केली. तिचे घर आता नाही. त्या जागी तीन मजली इमारत आहे. तिच्या दाराशी उभी राहिले आणि तिथून देवळापर्यंत, दर तीसेक पावलांवर एक, अशी चित्रे काढत गेले. कॅमेरा छातीच्या उंचीवर, किंचित खाली. चौकटीत रस्ता, गटाराची कड, पायऱ्या येतील असा. एरवी आपण जमीन कापून टाकतो आणि आकाश घेतो. पण चालणारा माणूस जमीन पाहतो, म्हातारपणी तर अधिकच. श्रावणातले ढगाळ आकाश या कामी फार उपयोगी पडले. सावल्या मऊ असतात, ओला दगड गडद होऊन त्यावरच्या टाकीच्या खुणा उमटून दिसतात. सकाळी सहाला निघाले की साडेआठपर्यंत गर्दी वाढण्याआधी काम उरके. परकोटाचा अख्खा घेर जेमतेम साडेतीन किलोमीटरांचा; चालण्याचा व्यायाम म्हणूनही बेताचा. अर्थात आज भिंतीच्या कडेने सलग चालता येत नाही. कुठे ती घरांच्या मागे जाते, कुठे तिला टेकूनच दुकाने आहेत. जुन्या वास्तू मोकळ्या करून रंगवून ठेवाव्यात असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही, पण भिंतीच्या दगडांतून उगवलेले पिंपळ पाहून मन धास्तावते.

माणसांविषयी एक सांगायला हवे. दारात निवडण-टिपण करीत बसलेल्या बायका, ओट्यावरचे म्हातारे यांची चित्रे विचारल्यावाचून काढू नयेत. मी ‘आईचं माहेर इथलं’ एवढे म्हणे आणि दारे उघडत. एका आजोबांनी हनुमान आखाड्याची आठवण काढली. वैद्य बंधूंनी 1914 मध्ये स्थापन केलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवायला गेले होते. आजोबांचा तेव्हा जन्मही झाला नसावा. पण सांगताना ते स्वतःच जाऊन आल्यासारखे ताठ बसले. त्यांचे चित्र मी काढले, आणि छापून पाठवलेही. पाठवण्याचे कबूल केले तर पाठवावे. अशी कबुली मोडणारे प्रवासी त्या गल्लीने पूर्वीही पाहिले असणार.

अकोल्याचे काम अवघड होते, कारण तिथली आईची स्मृती सासुरवाशिणीची. डोक्यावरच्या पदराआडून पाहिलेली. मोर्णेच्या अलीकडे स्टेशन आणि नवे शहर, पूल ओलांडला की जुने शहर आणि असदगड. औरंगजेबाच्या काळात नवाब असदखानाच्या अमदानीत, 1697 च्या सुमारास, हा किल्ला बांधला गेल्याचे दहीहांडा वेशीवरील लेखाच्या आधारे सांगितले जाते. गंमत अशी, की आगरवेशीवरचा मराठी लेख किल्ला 1843 मध्ये गोविंद आप्पाजी याने बांधला असे म्हणतो, अशी नोंद आहे. बाकीच्या सगळ्या लेखांशी तो एकटाच भांडतो. तट पुढे 1870 च्या सुमारास इंग्रजांनी पाडला आणि आतल्या हवाखान्यात नंतर शाळा भरे. असे शिलालेख कुठेही टिपायचे असतील तर समोरून उजेड घेऊ नये. कोवळे ऊन बाजूने, तिरपे पडते तेव्हा अक्षरांच्या खाचांत सावली भरते आणि झिजलेला मजकूरही वर येतो.

पण आईला किल्ला नको होता. तिला हवी होती घरापासून राजराजेश्वराच्या देवळापर्यंतची वाट, आणि त्या वाटेवरची कावड. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी खांद्यावर घेऊन मंडळे रात्रभर चालत येतात आणि ग्रामदैवताला जलाभिषेक करतात. त्या पहाटे जयहिंद चौकाजवळ मी एका बंद दुकानाच्या पायरीवर उभी होते. गर्दीत चित्रे काढण्याचा हट्ट धरला नाही. धक्क्यात पडण्याचे वय माझेही आता जवळ आले आहे. दोन-तीन चित्रे घेतली, कॅमेरा पिशवीत टाकला आणि फोनवर सात मिनिटांचा नुसता आवाज टिपून घेतला.

घरी आल्यावर या वेळी फोनच्या पडद्यावर काही दाखवले नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यांना चकाकी त्रास देते, म्हणून न चमकणाऱ्या कागदावर मोठ्या आकाराच्या प्रती काढल्या. एका वेळी एकच चित्र पुढे ठेवले आणि ‘हे ओळख पाहू’ असे एकदाही म्हटले नाही. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला आठवण ही परीक्षा वाटली की तो मिटतो, हे आम्हाला डॉक्टरांनी बजावले होते. जुनी चित्रे, वस्तू, गाणी यांच्या आधाराने आठवणी बोलत्या करण्याची पद्धत स्मृतिभ्रंशाच्या शुश्रूषेत बरीच रूढ आहे. तिच्यावरील अभ्यासांचा 2018 मधला कॉक्रेन आढावा सांगतो, की गुण येतो तो थोडा आणि सर्वांना सारखा नाही. आजार त्याने हटत नाही. ही अपेक्षा घरच्यांनी आधीच सोडलेली बरी.

पहिल्या तीन चित्रांना आई काही बोलली नाही. चौथ्यावर तिने बोट ठेवले. चित्रावर नव्हे, त्याच्या डाव्या कडेबाहेर, टेबलाच्या लाकडावर. “इथं चक्की होती. तू नाही घेतली.” चक्कीची जागा आता मोबाइलच्या दुकानाने घेतली आहे, आणि ते दुकान खरोखरच चौकटीच्या बाहेर डावीकडे होते. मग पुढची चित्रे तिने स्वतःच क्रमाने लावली. दोन ठिकाणी माझा क्रम चुकला होता, तो सुधारला.

अकोल्याची चित्रे ती शांतपणे पाहत राहिली. तेव्हा मी कावडीचा आवाज लावला. ‘हर्र बोला महादेव’चा गजर खोलीत भरला. तिने मान एका बाजूला केली.

“पाऊस होता काय वं तिथं?”

होता. भुरभुर. मी तिला तसे सांगितले नव्हते, आणि चित्रांतही तो दिसत नव्हता.

“पायांचा आवाज वल्ला आहे,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला यातले काही आठवत नव्हते. चित्रे टेबलावरच होती. तिने ती पुन्हा चाळली, चौथ्यापाशी थांबली आणि डाव्या कडेबाहेर बोट ठेवून मला विचारले, की चक्की का नाही घेतली. दिवाळीनंतर पुन्हा जायचे आहे. या वेळच्या यादीत मोबाइलचे दुकान पहिले आहे, आणि दुसरे, तिच्या सांगण्यावरून, देवळातून घरी परततानाची वाट, दिवेलागणीची.