ध्रुवावर न पोचलेला माणूस

पुतण्याने तिसऱ्या वर्षाला मेडिकल सोडलं, त्याला आता दोन महिने होतील. घरात अजून सुतक असल्यासारखं आहे. "आता पुढे काय?" असं त्याला विचारून हैराण करणाऱ्यांत मीही होतो, खोटं कशाला बोलू. आणि नेमका याच दिवसांत वाचताना हेर्मान आन्श्यूट्झ-केम्फे हा जर्मन गृहस्थ भेटला.

हाही आधी मेडिकलला. ते सोडून कलेच्या इतिहासात डॉक्टरेट केली. मग तिसरंच वेड... बर्फाखालून पाणबुडीने उत्तर ध्रुवावर जायचं! १९०१ साली व्हिएन्नात त्याने ही योजना मांडली. (त्याच्या काकांचं काय झालं असेल!) अडचण एकच. पोलादी पाणबुडीत, विजेच्या मोटारींच्या शेजारी होकायंत्राची सुई भरकटणार. म्हणून चुंबकाशिवाय दिशा दाखवणारं काहीतरी हवं. त्याने भोवरा हाताशी धरला. वेगाने फिरणारं चाक आपला आस सहजासहजी वळू देत नाही. त्याला गुरुत्वाकर्षणाची जोड दिली की पृथ्वीचं फिरणंच तो आस हळूहळू खऱ्या उत्तरेकडे आणतं. हाच जायरो कंपास.

१९०५ साली त्याने कील बंदरात कंपनी काढली. १९०८ मध्ये 'डॉइचलंड' या युद्धनौकेवर चाचणी झाली आणि आरमाराने यंत्र उचललं. ध्रुवाची पाणबुडी राहिलीच.

पुढे अमेरिकन स्पेरीशी पेटंटवरून बर्लिनमध्ये खटला झाला. कोर्टाने तज्ज्ञ कोण नेमला असेल? आइन्स्टाइन! बर्नच्या पेटंट ऑफिसात सात वर्षं काढलेला माणूस. १९१५ मध्ये निकाल आन्श्यूट्झच्या बाजूने लागला आणि दोघांची दोस्ती जमली. द्रवात तरंगणारा जायरोचा गोल बरोबर मध्यावर धरून ठेवायची विद्युतचुंबकीय युक्ती नंतर आइन्स्टाइननेच सुचवली. युद्धाविरुद्ध बोलणारा आइन्स्टाइन आणि पाणबुड्यांना कंपास पुरवणारी कंपनी, हे मला खटकतं. असो.

खरी गंमत पुढेच आहे. विषुववृत्तापासून दूर जावं तसतशी या कंपासची उत्तरेची ओढ कमी होत जाते आणि ध्रुवावर ती शून्य होते. म्हणजे ज्या जागेसाठी एवढा खटाटोप केला, नेमकं तिथेच यंत्र मुकं! १९३१ साली आन्श्यूट्झ गेला. बर्फाखालून ध्रुव गाठला तो १९५८ मध्ये अमेरिकेच्या 'नॉटिलस'ने.

कंपनी मात्र अजून कीललाच आहे. मधली काही वर्षं नाव रेथिऑन आन्श्यूट्झ होतं, २०२३ पासून पुन्हा नुसतं आन्श्यूट्झ.

काल हे सगळं पुतण्याला फोनवर सांगितलं. गेल्या दोन महिन्यांत पहिल्यांदाच आम्ही इतकं बोललो. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"काका, पण तो ध्रुवावर गेला का?"

"नाही रे."

थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आणि मेडिकलच्या फीचे पैसे? ते घरच्यांनी काढले का त्याच्याकडे?"

मी जेवलास का म्हणून विचारलं.