मुरमाच्या वाटेने तलावांच्या मुलखात

नागपूरहून पूर्वेकडे निघून वैनगंगा ओलांडली की कापसाचा काळा मुलूख मागे पडतो आणि धानाच्या बांध्या सुरू होतात. क्षितिजावर डोंगरांच्या निळसर रांगा, पायथ्याशी साग-ऐन-मोहाचे जंगल आणि दर दोन-चार किलोमीटरवर चकाकणारे पाणी. भंडारा व गोंदिया हे दोन जिल्हे तलावांचे जिल्हे म्हणून ओळखले जातात. १ मे १९९९ रोजी गोंदिया स्वतंत्र जिल्हा झाला. त्यापूर्वी हा सारा प्रदेश भंडारा जिल्ह्यातच होता. झाडीपट्टी हे त्याचे लोकांच्या तोंडी असलेले नाव.

माझी या मुलखाशी ओळख जुनी. बँकेच्या नोकरीत अर्जुनी मोरगाव तालुक्यातील एका शाखेत मी तीन वर्षे होतो. तेव्हाचा प्रवास जीपचा आणि डांबरी रस्त्याचा. गेल्या डिसेंबरात मात्र हाच प्रदेश मी सायकलवरून, तोही बहुतांशी कच्च्या रस्त्यांनी पाहिला आणि एकाच भूमीची दुसरी ओळख झाली.

या प्रवासाचे श्रेय माझ्या भाच्याला. त्याला ‘ग्रॅव्हल बायकिंग’चा छंद आहे. ग्रॅव्हल म्हणजे खडी, मुरूम. शर्यतीच्या सायकलीसारखा खाली वळलेला हँडल, पण टायर चाळीस मिलिमीटरच्या आसपास रुंद आणि त्यांत हवा थोडी कमी, अशी ही सायकल असते. ती डांबरावर बेताची पळते आणि मुरमावर न घसरता चालते. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात २००६ पासून अशा कच्च्या रस्त्यांवरची एक शर्यत भरते आणि तिच्यामुळे या प्रकाराची लोकप्रियता पुष्कळ वाढली. आम्हांला शर्यत लावायची नव्हती. माझे वय सहासष्ट. दोन दिवसांत नव्वद किलोमीटर एवढाच बेत होता.

मोटारीवर सायकली लादून आम्ही राष्ट्रीय महामार्गावरील कोहमाऱ्यापर्यंत आलो आणि तेथून दक्षिणेकडे वळलो. नवेगाव आणि नागझिरा ही वने २०१३ साली व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट झाली. संरक्षित जंगलात सायकल नेता येत नाही आणि नेऊही नये. म्हणून आमचा मार्ग जंगलाच्या कडेकडेने, पांदण रस्त्यांनी आणि कालव्यालगतच्या वाटांनी आखलेला होता. सूर्य चांगला वर आल्यावर निघायचे व मावळतीपूर्वी मुक्कामी पोहोचायचे, हा नियम आम्ही कटाक्षाने पाळला. अस्वल आणि बिबट्या यांना आपल्या वेळापत्रकाशी कर्तव्य नसते.

धानाची कापणी नुकतीच उरकली होती. बांध्यांतून पुंजणे उभे होते आणि बैलगाड्यांनी पाडलेल्या दोन चाकोऱ्यांमधून आमची चाके सरकत होती. मुरमावर वेग ताशी दहा-बारा किलोमीटरच्या पुढे जात नाही. पण या संथपणामुळेच जमिनीचा उतार पायांना कळतो. वाट किंचित चढू लागली की समजावे, पुढे तलावाची पाळ आहे. पाळीवर चढले की एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला खाली पसरलेली शेते. मोटारीतून हे तलाव निसर्गाने सहज दिल्यासारखे वाटतात. सायकलवर प्रत्येक पाळ मांड्यांना सांगते की ही माती माणसांनी डोक्यावर वाहून आणलेली आहे.

या भागात वर्षाला तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण बहुतेक सारा चार महिन्यांत. खाली कठीण खडक असल्याने भूगर्भात पाणी फारसे मुरत नाही. ऑक्टोबरात पाऊस पाठ फिरवतो, नेमके तेव्हाच धानाला शेवटचे पाणी हवे असते. या अडचणीवर गोंड राजांच्या काळात येथील समाजाने तलावांचे उत्तर शोधले. जो तलाव बांधील त्याला जमीन इनाम मिळे, असे सांगितले जाते. बांधणीचे कौशल्य होते कोहळी समाजाकडे. जमिनीचा उतार नुसत्या नजरेने ओळखून पाळ कोठे घालावी हे ते ठरवीत. वरच्या तलावाचा सांडवा खालच्या तलावाला पाणी देतो आणि खालचा त्याच्या खालच्याला. शेतातल्या लहान तळ्यांना ‘बोडी’ म्हणतात. पाणी सोडण्याच्या जागेला ‘तुडुम’: निरनिराळ्या उंचीवर बुचे बसवलेली, पाणी उतरेल तसे खालचे बूच काढायचे. यंत्र नाही, वीज नाही, आणि व्यवस्था शतकांची.

दुपार कलताना नवेगावबांध आला. डोंगरांच्या कुशीत सुमारे अकरा चौरस किलोमीटरचा हा जलाशय कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, अशी परंपरा सांगते. सभोवतालच्या टेकड्यांना लोक ‘सात बहिणी’ म्हणतात. येथील राष्ट्रीय उद्यान १९७५ सालचे. मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून येथे काढलेला काळ ‘नवेगावबांधचे दिवस’ या पुस्तकाच्या रूपाने मराठी वाचकांस परिचित आहे. काठावर बसलो तेव्हा वारकरी बदकांचे काळे ठिपके पाण्यावर विखुरलेले होते आणि दूर कोठेतरी चक्रवाकांचा आवाज येत होता. मुक्कामी गरम भात, वरण आणि पोपटाच्या शेंगांची भाजी. थकलेल्या शरीराला याहून अधिक काय हवे?

येथील जुन्या तलावांना आज लोक ‘मामा तलाव’ म्हणतात. भाचा हसून म्हणाला, “मामा, म्हणजे हे सगळे तुमचेच की!” वस्तुतः हा ‘माजी मालगुजारी तलाव’ या सरकारी नावाचा संक्षेप आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. १९५१ साली मालगुजारी संपुष्टात आली आणि तलाव शासनाकडे गेले. लहान तलाव पुढे जिल्हा परिषदेकडे आले. मालगुजारी हा काही रामराज्याचा कारभार नव्हता. तिच्यात वेठ होती, विषमता होती. ती गेली हे योग्यच झाले. परंतु तिच्याबरोबर आणखी एक गोष्ट गेली: दर उन्हाळ्यात पाळीवर माती टाकण्याची आणि तळातला गाळ शेतात नेण्याची बांधिलकी.

सकाळी एका लहान तलावाच्या पाळीवर एक वृद्ध शेतकरी भेटले. आमच्या सायकली निरखून त्यांनी चौकशी केली. मी तलावाची खोली विचारली तेव्हा हातातली काठी जमिनीवर टेकवून म्हणाले, “साहेब, तलाव सरकारचा झाला अन् गाळ आमचा राहिला.” त्यांच्या लहानपणी उन्हाळ्यातही तेथे म्हशी डुंबत, आता मार्चमध्येच तळ उघडा पडतो. काठावर बेशरमाची झुडपे दाटली होती.

शाखेत असताना पीककर्जाच्या अर्जावर ‘ओलिताचे साधन’ या रकान्यात ‘तलाव’ हा शब्द मी शेकडो वेळा वाचला. त्या एका शब्दाच्या भरवशावर कर्ज मंजूर होई आणि फिटतही असे. परंतु शेतकऱ्याच्या मालमत्तेत तो तलाव कोठेच दिसत नसे. जी मालमत्ता कोणाच्याच पुस्तकात नाही, तिचा घसाराही कोणी मोजत नाही. तो गाळाच्या रूपाने दरवर्षी साचत राहतो.

दुसऱ्या दिवशी गाढवी नदीवरील इटियाडोह धरणाकडे गेलो. धरणाजवळ गोठणगावला १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. हिवाळ्यात तेथील अनेक कुटुंबे लोकरी कपडे विकण्यासाठी शहरांत जातात. रंगीत पताकांखाली वसाहत शांत पहुडली होती. तेथून कालव्याच्या कडेने सरळ, सपाट मुरमाची वाट. धरणाचा कालवा मोठा आहे, लांबवर पाणी नेतो. पण त्याचे पाणी न पोहोचणाऱ्या कितीतरी गावांना आजही आधार मामा तलावांचाच.

चित्र सर्वस्वी निराशेचे नाही. २०१७ पासून शासनाच्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेतून गाळ उपसण्यास हातभार लागला आहे. याच परिसरात ‘भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ’ ही संस्था ढिवर समाजाबरोबर काम करते. तिच्या प्रेरणेने स्त्रियांनी तलावांतून बेशरम उपटून काढली आणि देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. पाणवनस्पती आल्या की पाण्यातले जीवन परतते आणि पाठोपाठ पक्षीही. नुसता गाळ काढला तर खड्डा मिळतो. तलाव व्हायला त्यात जीवसृष्टी लागते, हे या स्त्रियांना पुस्तकाविना ठाऊक होते.

ज्यांना या वाटेने जावेसे वाटेल त्यांनी डिसेंबर-जानेवारीत जावे. ग्रॅव्हल सायकलच हवी असे नाही. जाड टायरची कोणतीही साधी, भक्कम सायकल चालेल. पंक्चरचे सामान, पुरेसे पिण्याचे पाणी आणि दुपारची शिदोरी सोबत असावी, कारण मध्ये दुकाने नाहीत. पाळीवरून जाताना गावकऱ्यांना विचारून जावे, पावसाळ्यात ओल्या पाळीवर चाके घालू नयेत. आणि वाटेत कोणी भेटले तर थांबून तलावाचे नाव अवश्य विचारावे. प्रत्येकाला नाव आहे. विचारणारा भेटला की सांगणाऱ्याचा चेहरा उजळतो, आणि आपण ज्या मातीवरून चाललो आहोत ती कोणी, कशासाठी वाहिली हेही त्याच्याकडून समजते.