खालाचा मसला

2015 च्या रमजानमधली गोष्ट. माझी खाला उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहायची. वय अठ्ठेचाळीस. पाळी बंद होऊन दोन वर्षं झाली होती आणि पुन्हा अंगावरून लाल जाऊ लागलं होतं. तिनं गल्लीतल्या आलिमाबाईंना विचारलं, रोजा होतो का, नमाज पढायची का? त्यांनी मसला सांगितला : दहा दिवसांवर गेलं की तो हैज नव्हे, इस्तिहाजा. दर नमाजेला ताजा वजू करावा. मसला बरोबरच होता. खालानं रोजे पुरे केले. डॉक्टरला विचारावं, हे मात्र कुणाच्याच मनात आलं नाही. मी तर तेव्हा शाळेत मुलींना सायन्स शिकवत होते!

बकरी ईदनंतर कंबर उठू देईना, तेव्हा तिला दवाखान्यात नेलं. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर, तिसरी पायरी. शेक दिले. 2016 च्या हिवाळ्यात ती गेली. रजेच्या अर्जात मी 'खालाचा पोटाचा आजार' असं लिहिलं.

जास्त टोचतं ते वेगळंच. याच जिल्ह्यात 1999 मध्ये मुंबईचं टाटा आणि बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय यांनी मोठी पाहणी सुरू केली होती. तीस ते एकोणसाठ वयाच्या 1 लाख 31 हजारांवर बायका त्यात होत्या. 2001 च्या सुट्टीत मी खालाकडे असताना तपासणीला बोलवायला बाई दारात आली होती. शेजारीण गेली. खाला म्हणाली, "मेरेको कुछ नै हुआ. कायकू जाना?" नानीनंही तिचीच री ओढली. 2009 मध्ये त्या पाहणीचे निष्कर्ष आले. ज्या गटात एचपीव्ही या विषाणूची तपासणी झाली, त्यात या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले होते. तपासणीही एकदाच केलेली.

हा विषाणू नवरा-बायकोच्या संबंधांतून येतो. बाई कितीही नेक असो, तिला तो होऊ शकतो. तेव्हा चारित्र्याची कुजबुज कृपा करून नको. बहुतेकींच्या शरीरातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. ज्यांच्यात ठाण मांडून बसतो, त्यांच्यातल्या काहींना कॅन्सर होतो, तोही बहुधा दहा-वीस वर्षांनी. म्हणजे अल्लाहनं केवढी मोहलत दिली आहे! काही होत नसतानाच तपासायचं असतं, ते यासाठी. दुखू लागल्यावर फार उशीर झालेला असतो.

मुलींसाठी लसही आहे. नऊ ते चौदा वर्षांत, लग्नाच्या कितीतरी आधी घेतली तर उत्तम. पुण्याच्या सीरमची लस 2023 मध्ये आली. आमच्या शाळेत आयांच्या बैठकीत मी हे सांगितलं, तर एकीनं विचारलं, "आपा, पुढं मूल होईल ना?" मी म्हटलं, होईल, लसीनं मूल अडत नाही. मग दुसरीनं हळूच विचारलं, "आणि आपण?" लस घेतलेल्या मुलींनीही पुढं तपासणी करायची असते, मग आपल्याला तर हवीच, असं मी म्हटलं खरं, पण छत्तिशी गाठूनही मी स्वतः कधी गेले नव्हते.

त्याच आठवड्यात उर्दूत रजेचा अर्ज लिहिला. गर्भाशयाला उर्दूत रहम म्हणतात. रहमान, रहीम त्याच धातूतले. इतका पाक शब्द, पण लिहिताना माझा हात दोनदा थांबला. हेडमिस्ट्रेस आपांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, दार लोटून घेतलं आणि विचारलं, "किती वाजता निघतेस? मी पण येते."